आमच्या मुलांवर संशोधन करणाऱ्यांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
पुण्यातल्या विद्यापीठांमधले आणि कॉलेजांमधले शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि विशेष शिक्षण विभाग, तिथले एमएड-पीएचडीचे सगळे गाईड आणि एथिक्स कमिट्यांचे (संशोधन नीतीने होतंय का ते बघणाऱ्या) सभासद
प्रत, कारवाईसाठी: दिव्यांग कल्याण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

स.न.वि.वि.

मी सिंहगड रोडला राहते, एका पतपेढीत नोकरी करते, आणि मला १३ वर्षांची मुलगी आहे, तिला ऑटिझम आहे आणि ती तोंडाने फारच थोडं बोलते. तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे येईलच. हे पत्र आत्ताच लिहायचं कारण म्हणजे शाळेतून परत एक संमतीपत्रक घरी आलंय, कुठल्यातरी नव्या संशोधनासाठी, सगळं इंग्लिशमध्ये, खाली सहीची जागा, आणि वरती पेनने लिहिलंय "सोमवारपर्यंत देणे". शाळेवर माझा राग नाही. त्यांना ओळखीतून फोन येतात, मोठ्या लोकांची पत्रं येतात, त्या मुख्याध्यापिका तरी कोणाकोणाला नाही म्हणणार. माझा प्रश्न तुम्हाला आहे, ज्यांनी हा विषय मंजूर केला, सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, सही केली आणि ज्यांच्या नावाने उद्या पेपर छापून येणार.

मी संशोधनाच्या विरोधात नाहीये, हे आधीच सांगते, कारण पालकांनी काही विचारलं की लगेच तसा अर्थ काढतात. माझ्या मुलीला आजपर्यंत ज्या ज्या गोष्टीचा उपयोग झाला, चित्रांचं वेळापत्रक म्हणा, ऑक्युपेशनल थेरपीतले व्यायाम म्हणा, ते सगळं कोणीतरी कधीतरी नीट अभ्यास केला म्हणूनच आमच्यापर्यंत पोचलं. आणि नीट अभ्यास म्हणजे काय हे पुण्याला बाहेरून शिकायची गरजच नाही हो. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या टीमने १९८७ ते १९८९ मध्ये तिथल्या नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेली, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं घेतली आणि त्यांच्यामागे १८ वर्षं राहिल्या. अठरा वर्षं! ती बाळं शाळेत गेली, बाराव्या वर्षी त्यांना परत तपासलं, मोठी झाल्यावर परत तपासलं, आणि त्यातून कळलं की अशा मुलांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत असला तरी लिखाणात आणि गणितात बरीच मुलं अडतात. आता बघा, ही माहिती कुठल्याही पहिली-दुसरीच्या बाईंना उद्या सकाळी वर्गात वापरता येते, की हे मूल आळशी नाहीये, हे जन्मतः कमी वजनाचं होतं, याच्या लिखाणाकडे जरा लक्ष द्या. आम्हाला असं संशोधन हवंय. पण आमच्या वाट्याला येतं ते वेगळंच.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेत एक प्रोजेक्ट आला. टॅबवर चित्रं असतात, मुलाने चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द मराठीत बोलतो. ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी हे काय असतं ते ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच कळेल. आमची मुलगी तोपर्यंत नको असलेली गोष्ट समोर आली की स्वतःच्या मनगटाला चावायची, वळ उठायचे, काळंनिळं व्हायचं. टॅब आल्यावर काही आठवड्यांनी तिने एकदा जेवताना भाताच्या ताटाकडे बघितलं, टॅब ओढला, आणि "नको" या चित्रावर बोट ठेवलं. मग परत ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं, मी ताट खरंच बाजूला घेतेय का ते बघायला. मी घेतलं, तिचा हात तोंडाकडे गेलाच नाही. त्या दिवसापासून मनगटावरचे वळ कमी होत गेले, हे मी काय कोणत्या प्रश्नावलीत भरायला नको, शाळेतल्या मावशींनीसुद्धा पाहिलंय.

आणि मग उत्तरचाचणी (शेवटची चाचणी) झाली. म्हणजे तुमच्या भाषेत प्रोजेक्ट संपला. टॅब खोक्यात भरून परत गेले, ती प्रोजेक्टची प्रॉपर्टी आहे असं सांगितलं, आम्ही म्हटलं आम्ही विकत घेतो, हप्त्याने घेतो, ॲपचं नाव तरी द्या, सेटिंग तरी सांगा, तर ते सुद्धा नाही. पुढचे कितीतरी दिवस मुलगी दारात येणाऱ्या सुपरमार्केटच्या पॅम्प्लेटवरच्या दुधाच्या पिशवीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहायची, पेपरमधल्या जाहिरातींवर बोट ठेवायची, तिला वाटायचं आता हे बोलेल. आणि मनगटाचं चावणं परत सुरू झालं. शेवटी वर्गाच्या बाईंनी स्वतःच्या पैशाने चित्रांचे प्रिंट काढले, लॅमिनेशन केलं, मागे वेल्क्रो लावून एक पाटी बनवली, ती आजही वापरतो. त्या बाईंच्या नावावर कुठे पेपर नाही.

त्याच वर्गातली अर्धी मुलं तुमच्या नियंत्रित गटात होती. म्हणजे त्यांना टॅब द्यायचाच नव्हता, फक्त आधी आणि नंतर तपासायचं होतं, तुलनेसाठी. त्या मुलांच्या आयांना सांगितलं होतं की तुमचा नंबर पुढच्या फेरीत. एका मुलाची आई पोळ्यांची कामं करते, ती कामं बुडवून दोन्ही वेळा चाचणीला मुलाला घेऊन बसली. पुढची फेरी आलीच नाही. तुलना करायला गट लागतो हे मला कळतं, त्याशिवाय फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही, पण मग अभ्यास संपला की त्या मुलांनाही तेच द्यायचं हे आधीच प्लॅनमध्ये आणि बजेटमध्ये पाहिजे ना. जर तेवढे पैसे नसतील तर विषय छोटा घ्या, कमी मुलं घ्या, पण घेतलेल्या प्रत्येक मुलाला काहीतरी मिळालंच पाहिजे.

दुसरी गोष्ट निकालाची. आम्हाला या प्रोजेक्टचा निकाल कोणीही येऊन सांगितला नाही. आमच्या पालकांच्या ग्रुपमधल्या एकीच्या भाच्याला शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाईटवर तो प्रबंध सापडला, त्याने आम्हाला डाउनलोड करून दिला, इंग्लिशमध्ये होता, मग दोघी-तिघी बसून गुगल ट्रान्सलेटवर टाकून टाकून वाचला. त्यात लिहिलंय की मुलांच्या संवादात लक्षणीय वाढ झाली. शेवटच्या प्रकरणात शिफारस आहे की शासनाने विशेष शाळांना असे टॅब द्यावेत. हे वाचताना माझे हात थरथरत होते, कारण तुम्हाला माहीत होतं! उपयोग होतो हे तुम्ही मोजलंत, टेबलमध्ये मांडलंत, आणि तरीही टॅब परत नेलेत.

आणि त्याच प्रबंधात "विद्यार्थिनी क" म्हणून माझी मुलगी आहे. नाव नाही लिहिलेलं, बरोबर. पण वय आहे, तिला जुळा भाऊ आहे हे आहे, वडील काय करतात ते आहे, शाळा शहराच्या कुठल्या भागात आहे ते आहे. जुळा भाऊ असलेल्या, त्या वयाच्या, त्या भागातल्या शाळेतल्या किती मुली असतील? आमच्या सोसायटीतलं कोणीही वाचलं तर पहिल्या मिनिटात ओळखेल. पुढे तिच्या टॉयलेटच्या सवयींबद्दल एक पूर्ण परिच्छेद आहे. तिचा भाऊ उद्या कॉलेजला जाईल, त्याचे मित्र गुगल करतील, हा विचार कोणी केला होता का? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लहान मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असं म्हटलंय, आणि तशी संमती म्हणजे कशाला हो म्हणतोय ते नीट सांगून घेतलेली. टॉयलेटबद्दलचा परिच्छेद कायमचा इंटरनेटवर राहील हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून या पत्रात तिचं नाव नाही.

एक अपवाद सांगायलाच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. एमएडची एक मुलगी होती, तिने मुलांच्या वेळापत्रकावर छोटासा अभ्यास केला होता, तिची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाल्यावर ती एका शनिवारी शाळेत परत आली, पालकांना बसवून मराठीत सांगितलं की काय केलं, कोणत्या मुलाला फरक पडला, कोणाला पडला नाही आणि का असावं, आणि प्रत्येकाला त्याच्या मुलाचं एक पान हातात दिलं. मी ते पान अजून फाईलमध्ये ठेवलंय, नवीन थेरपिस्टला पहिल्यांदा तेच दाखवते. एका विद्यार्थिनीला हे सुचतं आणि जमतं, तर मोठ्या फंडाच्या प्रोजेक्टना का जमू नये?

आता संमतीबद्दल, आणि हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रत्येक फॉर्मवर एक वाक्य असतं की सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकते. छान. माझी मुलगी माघार कशी घेणार? ती तुम्हाला इंग्लिशमध्ये लेटर लिहिणार नाहीये. ती आधी कानांवर हात ठेवते. मग खुर्चीवरून उठते. मग जाऊन चपला घालते आणि दाराशी उभी राहते. हे तिचं "मला नाही करायचं" आहे, आणि घरातलं कोणीही तुम्हाला हे दोन मिनिटांत सांगू शकलं असतं. एका चाचणीच्या वेळी मी खिडकीतून पाहिलंय, ती चपला घालून उभी होती आणि तिला बिस्किट दाखवून परत खुर्चीवर बसवलं, परत उठली, परत बिस्किट. त्या दिवशीचे तिचे मार्क तुम्ही धरलेत. ते मार्क कशाचे आहेत सांगा मला, भाषेच्या आकलनाचे का बिस्किटाचे?

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात स्पष्ट आहे की ७ वर्षांवरच्या मुलाला त्याच्या समजेल अशा पद्धतीने विचारायचं, पालकांची सही वेगळी आणि मुलाची तयारी वेगळी. यावर मला एका ठिकाणी उत्तर मिळालं की ते मेडिकलवाल्यांसाठी आहे, आमचं शैक्षणिक संशोधन आहे. ठीक आहे, मग कायदा बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ६, पोटकलम २. तिथे मेडिकल किंवा शैक्षणिक असा काही फरक केलेला नाही, कुठल्याही संशोधनाबद्दल म्हटलंय. दोन अटी आहेत. एक, त्या व्यक्तीची मोकळी, सगळं समजून दिलेली संमती, आणि ती तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली. दोन, सरकारने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची आधीच घेतलेली परवानगी, आणि त्या समितीत निम्म्यापेक्षा कमी नाहीत इतके सभासद स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे असले पाहिजेत. नोंदणीकृत संस्था म्हणजे कोण तेही कायद्याने सांगितलंय, त्यात पालकांच्या संघटनासुद्धा आहेत. म्हणजे आमच्यासारख्या आयाबापांना त्या टेबलाभोवती खुर्ची कायद्यानेच दिलीये.

हा कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. त्यानंतर शाळेतून माझ्यासमोर जे जे फॉर्म आले त्यातल्या एकावरही या समितीच्या परवानगीचा नंबर नाही, तारीख नाही, उल्लेखच नाही. कॉलेजच्या स्वतःच्या एथिक्स कमिटीचा शिक्का कधी असतो, कधी तोही नसतो. त्या कमिटीत दिव्यांग व्यक्ती कोण आहे, पालक कोण आहे, हे विचारलं की विषय बदलतात. आणि आयुक्तसाहेब, तुमचं ऑफिस पुण्यातच आहे, म्हणून ही प्रत तुम्हाला. या शहरात विशेष शाळा आहेत, मोठी हॉस्पिटलं आहेत, इतकी कॉलेजं आहेत, दरवर्षी नवीन बॅच विषय शोधत असते, आणि विषय म्हणून आमची मुलं सोपी पडतात कारण ती तक्रार करत नाहीत आणि त्यांचे पालक शाळेतली सीट जाईल या भीतीने सही करतात. ही भीती खरी आहे. आपल्या मुलाला घेणारी शाळा किती फिरून मिळालीये ते प्रत्येक आईला माहीत असतं, ती मुख्याध्यापिकेला नाही कशी म्हणेल? म्हणून शाळेच्या दप्तरातून, तारीख टाकून आलेल्या फॉर्मवरची सही मोकळी संमती आहे असं मी मानत नाही.

तुमच्या सॅम्पलमध्ये कोण येतं त्याबद्दलही बोलायचंय. कोथरूड, कर्वेनगर, डेक्कनच्या आसपासच्या त्याच त्या विशेष शाळा. रिक्षाने जाता येतं, मुलं एका जागी मिळतात, फाईलमध्ये आयक्यू रिपोर्ट तयार असतात. त्यामुळे एका मुलाची एकाच वर्षात दोन-दोन प्रोजेक्टमध्ये तपासणी होते आणि तिकडे वेल्ह्याच्या वाडीवर, जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पाड्यांवर, शहराच्या कडेच्या वीटभट्टीवर जी मुलं आहेत त्यांना अजून कोणी बघितलेलंच नाही. युनेस्कोने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबरोबर (टीआयएसएस) २०१९ मध्ये भारतातल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर अहवाल काढला होता, त्यात आहे की ५ वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलं कुठल्याही शिक्षणसंस्थेत जात नाहीत, आणि ५ ते १९ वयातली एक चतुर्थांश. तो हिशोब २०११ च्या जनगणनेवरचा, आणि त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे प्रकार होते ८. कायद्यात आता २१ आहेत. ऑटिझम, अध्ययन अक्षमता हे त्या ८ मध्ये वेगळे मोजलेच नव्हते. म्हणजे माझी मुलगी त्या आकड्यात नक्की कुठल्या रकान्यात आहे हे सांगता येणार नाही.

२०१८ ला एक मोठा अभ्यास छापून आला होता, २ ते ९ वयाच्या जवळजवळ ४००० मुलांना घरोघरी जाऊन तपासलं, आणि साधारण आठातल्या एका मुलाला ऑटिझम, फिट्स, ऐकण्याचा, शिकण्याचा असा मेंदूच्या वाढीशी संबंधित काहीतरी त्रास आहे असं निघालं. आठातला एक म्हणजे वर्गात चाळीस मुलं धरली तर पाच! पण तो अभ्यास झाला पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबादला. महाराष्ट्रातलं एकही ठिकाण नव्हतं. तशा पद्धतीने पुणे जिल्ह्यात, शहर आणि डोंगरी तालुके दोन्ही धरून काम केलं तर केवढा उपयोग होईल. कायद्याच्या कलम १७ मध्ये तर दर ५ वर्षांनी शाळेतल्या मुलांचा सर्व्हे करायचा, दिव्यांग मुलं शोधायची, त्यांच्या गरजा काय आणि त्या किती भागतायत ते बघायचं असं म्हटलंय, पहिला सर्व्हे कायदा लागू झाल्यापासून २ वर्षांत. विद्यापीठांनी, सरकारने मिळून हे करायचं तर हजारो विद्यार्थी-शिक्षक तुमच्याकडे आहेत ना.

मग विषय. मी शोधगंगावर बसून नावं वाचत गेले, अमुक कार्यक्रमाची तमुक कौशल्यावर परिणामकारकता, तीस मुलं, सहा आठवडे. पुढचा प्रबंध, तेच, कार्यक्रमाचं नाव वेगळं. पण ज्या कामाची रोज गरज पडते ते पडूनच आहे.

उदाहरणार्थ मुलांना तपासायच्या चाचण्या. आमच्या ग्रुपमधल्या कितीतरी मुलांची दिव्यांगत्वाची सर्टिफिकेटं बिने-कामत या बुद्ध्यांक मोजायच्या चाचणीवर निघालीत. डॉ. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बसवली ते मूळ काम स्वातंत्र्याच्या आधीचं, त्या काळात केवढं मोठं काम होतं ते. मिसिक नावाची दुसरी चाचणी, ती नागपूरच्या डॉ. मालिन यांची, १९६९ ची. या लोकांनी आपल्या मुलांसाठी आपल्या मातीत राबून हे उभं केलं, आणि आपण त्यानंतर इतक्या वर्षांत आजच्या मराठी मुलांवर त्याचे निकष नव्याने काढायचं कंटाळवाणं, मेहनतीचं काम का करत नाही? सर्टिफिकेटवरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तर मुलाची सवलत जाते, लेखनिक मिळत नाही, दहावीचा निकाल बदलतो.

डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात अडण्याचं, बघा. इंग्लिशमध्ये मूल बी आणि डी उलटं लिहितं हे सगळ्यांना पाठ आहे, वर्कशॉपमध्ये तेच सांगतात. मराठी मीडियमचं मूल कुठे अडतं? पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि वाचायची नंतर. रफार बोलायचा आधी आणि काढायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व. जोडाक्षरं तर विचारूच नका. माझ्या बहिणीचा मुलगा नगरपालिकेच्या शाळेत चौथीला होता तेव्हा "सूर्य" हा शब्द त्याने एका पानावर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिला होता आणि एकही बरोबर नव्हता, बाईंनी पानभर लाल रेघ मारून खाली लिहिलं होतं "अभ्यास करत नाही". मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये डाली नावाची चाचणी काढली, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्लिशमध्ये, म्हणजे मराठीतून वाचणाऱ्या मुलाला मराठीतूनच तपासायची सोय झाली. मराठीची चाचणी हरियाणातल्या संस्थेने काढली याचं मला वाईट वाटत नाही, आनंदच आहे, पण पुढचं काम तरी पुण्याने करावं ना, कुठल्या चुका कुठल्या वयापर्यंत नॉर्मल, कुठे थांबून तपासायचं, जोडाक्षरं कशी शिकवली तर बसतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत रोजच्या तासाला हे कसं करायचं. राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद सदाशिव पेठेत आहे, बोर्ड इथे आहे, शिक्षण आयुक्त इथे आहेत. संशोधन ते धोरण हे अंतर पुण्यात दोन-तीन बसस्टॉपचं आहे.

खूप हुशार मुलांचंही तसंच. ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून या शहरात बुद्धिमान मुलांचा विचार केला, ती परंपरा आपल्याकडे आहे. पण जे मूल गणितात वर्गाच्या पुढे आहे आणि त्याच मुलाला धड दोन ओळी लिहिता येत नाहीत, त्याला हुशारीमुळे मदत मिळत नाही आणि लिखाणामुळे हुशार कोणी म्हणत नाही, त्याच्यावर कोणी काम करायचं? आणि १८ वर्षांनंतर काय, त्याबद्दल तर जवळजवळ शांतताच आहे. शाळा संपते, सॅम्पल संपतं.

तर आमच्या मागण्या अशा आहेत, आमच्या ग्रुपमधल्या पालकांशी बोलून लिहितेय.

संमतीपत्रक मराठीत, सोप्या भाषेत द्या, आणि संशोधकाने स्वतः येऊन पालकांना समजावून सांगा. शाळेमार्फत तारीख टाकून फॉर्म पाठवणं बंद करा, आणि कोणी नाही म्हटलं तर ते शाळेला कळूच नये अशी व्यवस्था करा.

मुलाला विचारा. चित्राने, खुणेने, गोष्टीने, त्याला जसं समजतं तसं. आणि ते मूल "नको" कसं म्हणतं हे पालकांकडून आधी लिहून घ्या, चाचणी घेणाऱ्याच्या समोर तो कागद ठेवा, मुलाने नको म्हटलं की त्या दिवसापुरतं थांबा.

उपयोग झाला असं तुमच्याच आकड्यात दिसलं तर ती गोष्ट मुलाकडून काढून घ्यायची नाही, आणि नियंत्रित गटातल्या मुलांनाही ती द्यायची. हे सिनॉप्सिसमध्ये खर्चासकट लिहिलेलं नसेल तर गाईडनी सही करू नये.

निकाल पालकांना आणि शाळेला मराठीत सांगितल्याशिवाय व्हायवा नको. प्रत्येक मुलाचं एक पान.

प्रबंध अपलोड करायच्या आधी मुलाचं वर्णन त्याच्या पालकांना दाखवा. जुने प्रबंध जे आधीच इंटरनेटवर आहेत त्यात ओळख पटत असेल तर तेवढा भाग झाकायची सोय करा, त्यासाठी अर्ज कुठे करायचा ते वेबसाईटवर टाका.

एथिक्स कमिटीत दिव्यांग व्यक्ती आणि पालक घ्या, आणि नुसते सहीपुरते नाही, त्यांना कागद आधी मराठीत मिळाले पाहिजेत आणि मीटिंगला यायचा खर्च मिळाला पाहिजे, कारण आमच्या मुलांना कोणाकडे तरी सोपवून यावं लागतं.

आणि आयुक्तसाहेब, कलम ६ मधल्या समितीत कोण कोण आहे, ती कधी बसते, पुण्यातल्या कोणत्या कोणत्या संशोधनाला तिने परवानगी दिली, ही यादी जाहीर करा. सगळ्या विशेष शाळांना एक परिपत्रक काढा की त्या परवानगीचा नंबर असल्याशिवाय कोणालाही वर्गात सोडायचं नाही, म्हणजे मुख्याध्यापिकांनाही नाही म्हणायला आधार मिळेल. कलम १७ चा सर्व्हे पुणे जिल्ह्यात कधी आणि कोण करणार तेही सांगा.

हे सगळं या वर्षाचे नवीन सिनॉप्सिस मंजूर व्हायच्या आधी व्हावं. फॉर्मचं मराठी करायला, चित्रं काढून द्यायला, तुमच्या विद्यार्थ्यांना मुलांशी कसं बोलायचं ते शिकवायला आमच्या ग्रुपमधले पालक येतील, त्याचे पैसे आम्हाला नकोत. फक्त संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी बोलवा, आणि सोबत मुलं असतील तर बसायला एक शांत खोली द्या.

आपली,
एक आई
सिंहगड रोड, पुणे